इतर

अकरा कॉलेजं, अकरा तऱ्हा.
होटगी रोडवरचं मुलाला नंबर देतं प्रवेशाच्या सालावरून,
जुळे सोलापूरचं आडनावावरून,
अक्कलकोटचं अजूनही रजिस्टरच्या पानावरून:
पान त्रेचाळीस, ओळ नऊ.
सगळ्यांची पोरं एका पडद्यावर आणायची होती,
म्हणजे कुणालाही काहीही विचारता येईल,
आणि उत्तर कुठल्याही गावाहून येईल.

पहिल्या बैठकीचा पहिला तास
कुणाचं बोधचिन्ह वर, यात गेला.
हत्तरसंग सर म्हणाले, अकारविल्हे लावा आणि मिटवा.
दुसऱ्या दिवशी दोन संस्थांच्या नावाआधी
'अखिल' लागलेलं होतं.

एप्रिल. सर्व्हरला एसी, आम्हाला पंखा.
फरजाना नदाफ मानेवर ओला टॉवेल टाकून कोड लिहायची.
पाचव्या दिवशी नळाला पाणी, त्या दिवशी उशिरा यायची,
हाताला हंड्याचा वळ घेऊन.
मी संख्याशास्त्राचा मास्तर. रकाने माझ्याकडे.
चार केले: अभ्यासक्रम, शिष्यवृत्ती, परीक्षा, इतर.
'इतर' नको म्हणाली ती, लोक आळशी होतात.
मी म्हणालो, असू दे, दोन-चार टक्के येतील.

सुरू झालं त्या आठवड्यात
सत्त्याऐंशी टक्के 'इतर'.

सकाळची बॅच दुपारची मिळेल का,
हजार विड्या झाल्याशिवाय आई उठू देत नाही.
परीक्षेत मधेच कानडी शब्द आला तर मार्क जातात का.
नापास झाल्याचं पत्र घरी येतं का,
येत असेल तर कुठल्या वारी.
सर, मला नेमकं काय विचारायचंय
ते कुणाला विचारू.

आम्ही 'इतर' फोडायला बसलो,
नवे रकाने पाडायला.
चहा झाला, शेंगाचटणी-भाकरी झाली,
एकही रकाना पडला नाही.

बार्शीच्या विपटबाई, भूगोलाच्या, निवृत्तीला सात महिने.
उत्तराला तीनशे अक्षरांची मर्यादा,
बाई त्यात मावेनात.
एकेका पोराला पाच-पाच तुकड्यांत लिहायच्या
आणि प्रत्येकाखाली 'पुढे चालू'.
फरजाना चिडली. मग एक उत्तर पूर्ण वाचलं तिनं
आणि मर्यादाच काढून टाकली.

याद्या जुळवताना सापडली
गड्डम लावण्या.
दुसरीकडे गद्दम लावण्या, तिसरीकडे नुसतीच जी. लावण्या.
जन्मतारीख एकच, मोबाइल एकच, तोही आईचा.
एका कॉलेजच्या शेऱ्यात 'प्रवेश रद्द',
दुसऱ्याच्या 'सतत गैरहजर',
तिसऱ्याच्या 'नवीन'.
दोन वर्षांत तीन दारं, आणि प्रत्येक दाराला वाटलेलं
आपल्याकडून गेलेली ही एकटीच.
मी तीन ओळींची एक ओळ केली.
करताना बटण विचारतं, नक्की?

तिचा एक प्रश्नही होता, 'इतर'मध्ये.
रिकामी चौकट यंत्र घेत नाही,
म्हणून तिनं एक टिंब दिलं होतं.
नुसतं टिंब.

ज्याच्याकडे कामं कमी त्याच्याकडे प्रश्न जातो, असा नियम;
त्यानं विपटबाईंना गाठलं.
मला वाटलं, आता पाच तुकडे येणार.
बाईंनी एवढंच लिहिलं:
"फोन आईचा ना? मग तुझ्या हातात किती वाजता असतो?"

दिवसभर काही नाही.
दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर दहाला उत्तर उमटलं:
"साडेदहानंतर. आई झोपली की."
खाली वेळ, आदल्या रात्रीची अकरा वीस.

रात्रभर कुठं होतं हे, फरजानानं विचारलं.
मग तिला सापडलं.
संदेश स्वीकारण्याची वेळ: कार्यालयीन, दहा ते सहा.
रकाना माझा, अक्षर माझं,
मार्चमधल्या एका दुपारी
फारसा विचार न करता भरलेलं.

तिनं माझ्याकडे बघितलं नाही.
टॉवेल पिळला, पुन्हा मानेवर टाकला
आणि ती ओळ खोडली.